चिमणीची संमती

१

चिमणी दुकानात शिरली ती काचेचं दार आपटतच. चिमणी म्हणजे सहा फूट उंचीचे, झुपकेदार पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते आणि पियानो जुळवून देणं हा त्यांचा धंदा होता. त्यांनी काउंटरवर एक कागद ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सही माझीच आहे. पण ती मी केलेली नाही. हा काय प्रकार आहे?"

दुकान कानाच्या मशिनांचं होतं, त्यामुळे मोठ्या आवाजाचं तिथे कुणाला काही वाटत नसे. तिथे जपायचं असे ते गुपित. बहिऱ्या माणसाला आत बोलवायचं तर ओरडावं लागतं, आणि नावाने ओरडलं की त्याचं बहिरेपण सगळ्या रस्त्याला कळतं. दुकानदाराच्या वडिलांनी यावर एक तोड काढून ठेवली होती. बसायच्या खोलीत भिंतीवर पक्ष्यांचा मोठा तक्ता होता. नव्या गिऱ्हाइकाने त्यातला एक पक्षी बोटाने दाखवायचा आणि पुढे कायम त्याच नावाने त्याला हाक मारली जायची. कोण कुठला पक्षी निवडतो याला काही ताळतंत्र नव्हतं. एक पहिलवान कोकिळा झाले होते आणि एक नाजूक शिक्षिका गिधाड. पियानोवाल्यांनी चिमणी निवडली, कारण म्हणे त्यांना सगळ्यात आधी ऐकू यायची बंद झाली ती चिमणीच.

कागद होता गिऱ्हाइकाची सर्व माहिती अमुक कंपनीला द्यायच्या संमतीचा. कंपनी मोठी होती, गावोगावी तिच्या शाखा होत्या आणि हे दुकान विकत घ्यायचं तिच्या मनात होतं. ते पत्र हातात पडताच तिने पियानोवाल्यांना फोन लावला होता. फोन लागला तो संगीतशाळेत, जिथले सगळे पियानो ते वर्षानुवर्षं जुळवत आले होते. फोन उचलणारा कारकून म्हणाला की साहेब आत काम करताहेत, आणि कंपनीच्या मुलीने त्याला मोठ्या आपुलकीने सांगितलं की साहेबांच्या डाव्या कानासाठी नवीन मशीन आलंय. पुढच्या आठवड्यात शाळेने दुसरा माणूस बघितला. पियानोवाल्यांनी कंपनीला जाब विचारला तेव्हा तिने हा कागद पुढे केला होता.

"बहिऱ्याकडून पियानो कोण जुळवून घेईल?" पियानोवाले म्हणाले. "आता मला नाव हवंय. हे कुणी केलं ते आठवड्याभरात सांगा, नाहीतर मी पोलिसांत जातो."

दुकानदाराने कागद उलटसुलट करून बघितला. खाली कोपऱ्यात दुकानाचा शिक्का होता. शिक्का काउंटरच्या खणात असायचा आणि खणाची किल्ली ताईंच्या कमरेला. ताई दुकानदाराच्या वडिलांच्या वेळेपासून काउंटर सांभाळत होत्या. खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ताईंचा हात आपोआप किल्लीवर गेला.

२

दुकानदाराची मावशी कोर्टातली निवृत्त हस्ताक्षरतज्ज्ञ होती. घरातली मुलं तिला भिंगमावशी म्हणत, आणि हळूहळू मोठेही म्हणायला लागले होते. जन्मभर लोकांच्या खोट्या सह्या बघून तिचा स्वभाव थोडा तिरकस झाला होता. कुणी खरी सही केली तरी ती आधी संशयानेच बघायची.

भाचा तिच्याकडे वीसेक पत्रं घेऊन आला. कंपनीकडे खनपटीला बसून त्याने ती मागवून घेतली होती. प्रत्येक पत्रावरचं छापील नाव आणि पत्ता त्याने चिकटपट्टी लावून झाकला होता आणि कोपऱ्यात पेन्सिलीने पक्षी लिहिला होता. गिचमिड सह्यांवरून नाव लागण्यासारखं नव्हतंच.

"माझ्यापासून कसलं लपवतोस?" ती म्हणाली. "मी काय बाजारात जाऊन सांगणार आहे?"

"मावशी, तुला सांगितलं तर उद्या आणखी कुणाला तरी सांगावंसं वाटेल. सह्या बघ की. नावाचं काय करायचंय?"

तिला राग आला आणि बरंही वाटलं. भाचा बापावर गेला होता.

मग तिने तीन दिवस भिंग घेऊन त्या सह्या अक्षरशः पिंजून काढल्या. पहिला निष्कर्ष लवकर निघाला. शिक्का सगळ्या पत्रांवर एकाच जागी फुटका होता आणि एकाच जागी जास्त उमटला होता. हाताने मारलेले दोन शिक्के कधी इतके सारखे उमटत नाहीत. म्हणजे तो खणातून काढून मारलेलाच नव्हता, चित्र म्हणून छापलेला होता. सह्याही तशाच. मशीन घेताना गिऱ्हाईक कार्डावर सही करतं, ती तिथून जशीच्या तशी उचललेली होती. यंदा दुकानातली सगळी कार्डं संगणकात चढवली होती. ज्याच्या हाती ती फाईल, त्याचं हे काम.

ताईंचा खण सुटला, पण ताई सुटल्या नाहीत, कारण काउंटरवरही संगणक होताच.

"ती फाईल किती जणांकडे आहे?" भिंगमावशीने विचारलं.

भाच्याने चार बोटं उघडली. चौथं बोट उघडताना तो जरा घुटमळला.

३

पहिल्या ताई. त्या म्हणाल्या की मी काही केलेलं नाही. फार विचारल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की पियानोवाल्यांचा मोठा कोट कुठल्या खुंटीवर टांगला की पडत नाही हेसुद्धा मला ठाऊक आहे, आणि त्यांचं मी वाईट करीन असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटू द्यावं. भाच्याने मात्र आदल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं होतं की खरा माणूस सापडला नाही तर पोलिसांना तुमचंच नाव द्यावं लागेल. हे त्यांनी मावशीला सांगितलं नाही. ते तिला दुसरीकडून कळलं आणि तिने भाच्याला फोनवर चांगलं फैलावर घेतलं.

दुसरा कान तपासणारा. तो पावलांचा आवाज न करता चालायचा म्हणून दुकानात त्याला बोका म्हणत, आणि इतक्या पक्ष्यांत एक बोका असावाच असं गिऱ्हाइकंही म्हणत. त्याची खोली मागे होती. गिऱ्हाईक बंद केबिनमध्ये बसायचं आणि हा भिंतीआड यंत्रापाशी, कानाला हेडफोन लावून. ताई गिऱ्हाइकाला आत बसवत, दार लावत. मधली काच दुधी होती.

"म्हणजे तू गिऱ्हाईक बघतच नाहीस?" भिंगमावशीने विचारलं. तिने हे वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं.

"बघून काय करू? मी त्यांच्याशी बोलतो. आवाज येतोय का, कुठल्या कानात येतोय, थांबू का, हे सगळं विचारतो. ते बोलतात ते माझ्या कानात येतं."

तिसरा संगणकवाला. तो दुकान बंद असेल त्या दिवशीच यायचा, डबा खायचा आणि दुरुस्ती करून जायचा. गिऱ्हाइकं म्हातारी असतात एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेसुद्धा कार्डावरच्या वयावरून.

चौथं बोट म्हणजे भाच्याचा जावई. सगळी कार्डं त्यानेच सुट्टीच्या दिवसांत घरी बसून संगणकात भरली होती. कंपनीशी बोलणीही तोच करत होता. दुकान विकलं गेलं असतं तर शाखेचा प्रमुख तोच होणार होता. मुलगा हसतमुख होता, मावशीच्या पाया पडला, तिला खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, ताईंना फार त्रास देऊ नका. वय झालंय त्यांचं. कुणीतरी गोड बोलून करून घेतलं असेल."

"करून घेतलं असेल म्हणजे त्यांनीच केलं, असंच ना जावईबापू?"

"तसं नाही. पण गिऱ्हाइकांना तेवढं ओळखणारं दुसरं आहे कोण? मी तर एकालाही पाहिलेलं नाही."

हे वाक्यही तिने टिपून ठेवलं. पण तिचं मन अजून सह्यांत अडकलेलं होतं.

४

आठवडा संपत आला तशी ती पियानोवाल्यांच्या घरी गेली. काही विचारायचं होतं असं नाही. रिकाम्या हाताने भाच्याकडे जायची तिला लाज वाटत होती.

पियानोवाले पोलिसांना द्यायची तक्रार सांगत होते आणि त्यांची मुलगी लिहून घेत होती. खोलीत उघडा पियानो होता, तारा दिसत होत्या. भिंगमावशी कोपऱ्यात बसली. तक्रारीत ताईंचं नाव आलं तेव्हा पियानोवाले थोडे थांबले. त्यांना ते नाव घालणं आवडत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"वाच आता," ते म्हणाले.

मुलीने मोठ्याने वाचलं, "मी खाली सही करणारा, अशी तक्रार नोंदवतो, की..."

पियानोवाल्यांनी मान हलवली. मग भिंगमावशीकडे वळून ते हसले. "आज नीट वाचतेय. ते कंपनीचं पत्र वाचलं तेव्हा मला ऐकू आलं, संमती देते. म्हटलं, मुली वाचताना आपल्याच तोंडचं वाचतात. नाहीतर मशीन शब्दांची शेपटं खात असेल."

भिंगमावशी उठून उभी राहिली.

"आज तुम्ही 'नोंदवतो' वाचलंत," ती मुलीला म्हणाली. "मग त्या दिवशी 'देते' का वाचलंत?"

"तसंच लिहिलं होतं म्हणून," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, टायपिंगची चूक असेल."

भिंगमावशीने पिशवीतून पत्र काढलं. तीन दिवस तिने त्यातली सही भिंगाखाली धरली होती, तिचा उतार मोजला होता, शाईचे ठिपके पाहिले होते. वरचं वाक्य तिने एकदाही वाचलं नव्हतं. अक्षर बघणाऱ्यांची ही जुनी खोड. ते लिहिलेलं बघतात, काय लिहिलंय ते वाचत नाहीत.

तिथे छापलं होतं: मी माझी संमती देते.

"तक्रार उद्यापर्यंत थांबवाल?" तिने विचारलं. पियानोवाल्यांना ते ऐकू आलं नाही, म्हणून तिने तेच ओरडून विचारलं.

५

दुकानाला सुट्टी होती. भिंगमावशीने बसायच्या खोलीतल्या बाकांवर सगळी पत्रं मांडली आणि भाच्याला समोर बसवलं.

"कार्डावर काय काय असतं ते पुन्हा सांग."

पक्षी, आद्याक्षरं आणि आडनाव, वय, पत्ता, फोन नंबर, कानाचा आलेख, सही. बाई की पुरुष हे कार्डावर नव्हतं. त्याच्या वडिलांना ते लिहायची गरज कधी वाटली नव्हती. समोर माणूस दिसतच असे.

"आता बघ. चिमणी, देते. साळुंकी, देते. घार, टिटवी, कोकिळा, सगळ्या देते. बगळा, मोर, कावळा, देतो. घुबड आणि बदक नपुंसक, तिथे बिचाऱ्याची पंचाईत झाली असणार. त्याने 'देतो' करून वेळ मारून नेली. यातले खरे बाई-पुरुष किती जुळतात?"

भाचा पत्रांवरून नजर फिरवत गेला. निम्म्याहून अधिक चुकलेली होती. त्याच्या पहिलवानांच्या तोंडीही 'देते' आलं होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "ज्याने लिहिलं त्याला तुझी गिऱ्हाइकं दिसलेलीच नाहीत. त्याला वाटलं, पुरुषाला पुरुषी पक्षी देतात. ताई रोज प्रत्येकाचा कोट टांगतात, त्यांच्याकडून ही चूक व्हायची नाही. तुझा बोका माणूस बघत नाही, पण हेडफोनमधून आवाज ऐकतो. बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज त्याला न कळला तर त्याला घरी बसव. उरले दोघं. संगणकवाला आणि जावई."

"जावई मुद्दाम असं करील?" भाचा म्हणाला. "संगणकवालाच असेल."

"मलाही तसंच बरं वाटलं असतं." तिने एक पत्र उचललं. "पण एक पक्षी नियमात बसत नाही. पोपट. पोपट पुरुषी, तरी इथे 'देते' लिहिलंय. वीसेक पत्रांत एवढं एकच पक्ष्याला सोडून माणसाला धरून लिहिलंय. म्हणजे एवढं एक गिऱ्हाईक लिहिणाऱ्याच्या ओळखीचं आहे. मला नाव सांगू नकोस. पोपट बाई आहे का?"

पट्टीखालचं नाव भाच्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण हे पत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे हे त्याला आता कळत होतं. त्याने हात पुढे केला, पट्टीचं टोक नखाने उचललं आणि पुन्हा दाबून बसवलं.

"तिने मला शपथ घातली होती," तो म्हणाला. "घरात कुणालाही सांगायचं नाही म्हणून. मी माझ्या मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही."

भिंगमावशीने पत्र खाली ठेवलं. लेकीपासूनही लपवायचं म्हणजे पोपट लेकीच्याच घरातली, आणि त्या घरात लेकीशिवाय बाई एकच होती.

६

जावई आला तो नेहमीसारखा हसतमुख. बाकांवरची पत्रं त्याने पाहिली आणि तो उभाच राहिला. भिंगमावशीने पोपटाचं पत्र त्याच्यासमोर धरलं आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. समजावून सांगायची वेळ आली नाही. हुशार होता तो.

"नुसती माहिती होती," तो म्हणाला. "ती देऊन कुणाचं काय बिघडणार असं वाटलं. आणि विचारायला गेलो असतो तर निम्म्यांना प्रश्नच ऐकू आला नसता."

"पियानोवाल्यांचं काम गेलं," दुकानदार म्हणाला.

"ती फोनवाल्या मुलीची चूक होती."

"आणि ताईंचं नाव तू घेतलंस, ती कुणाची?" भिंगमावशी म्हणाली. तिला या मुलाचा राग आला होता, आणि राग येणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून तिने पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला. "तुझ्या आईचं पत्र वगळता आलं असतं की. का घातलंस?"

"वगळलं असतं तर तेवढंच उठून दिसलं असतं." तो बाकावर बसला. "कार्ड भरता भरता तिचं नाव आलं. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ती माझं ऐकत नाही. लग्न झाल्यापासून मी सांगतो त्यातलं ती काही मनावरच घेत नाही असं वाटायचं. मी चिडायचो. बोलणंच कमी केलं होतं."

"मग कळल्यावर तिला काही बोललास?"

"नाही. तिने लपवलंय तर तिचा मान राखावा म्हणून."

भिंगमावशीने चष्मा काढून पुसला. आईचं गुपित याने आईपासून जपलं होतं आणि कंपनीला देऊन टाकलं होतं.

दुकानदाराने निर्णय सांगायला वेळ लावला नाही. विक्री रद्द. दिलेली माहिती परत घेण्यासाठी आणि पुसून टाकण्यासाठी कंपनीला लेखी कळवायचं. पियानोवाल्यांच्या तक्रारीत ताईंच्या जागी जावयाचं नाव, आणि त्यापुढे जे व्हायचं ते होईल. प्रत्येक गिऱ्हाइकाला घरी जाऊन जावयाने स्वतः सांगायचं. "आणि पहिल्यांदा तिला," तो म्हणाला. "उद्या सकाळी ती मशीन दाखवायला येणार आहे. तुझ्याआधी मी काही बोलणार नाही."

७

सकाळी दुकानदाराने आधी ताईंची माफी मागितली. बसायच्या खोलीत सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. ताई म्हणाल्या, "ऐकू आलं. मी बहिरी नाही." मग त्यांनी हाताला आलेला एक कोट खुंटीवर टांगला आणि जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

भिंगमावशी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. तिचं काम संपलं होतं, पण शेवट बघितल्याशिवाय तिला घरी जाववत नव्हतं. जावई तक्त्याखाली उभा होता. त्याने दाढी केलेली नव्हती.

"पोपट!" ताईंनी हाक मारली.

फिकट साडीतली एक बाई उठली. पर्स काखेत मारून चार पावलं आली आणि समोर मुलाला पाहून जागच्या जागी थबकली. मग तिने झटकन केस कानावर ओढून घेतले.

"तू इथे कसा?"

"आई," जावई म्हणाला. त्याने मान खाली घातली आणि छातीशी हनुवटी लावून काहीतरी सांगितलं.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती, पण मान खाली असल्यामुळे तिला ओठ दिसत नव्हते. खोलीतली माणसं आपापली मशिनं सावरून बघायला लागली. घार पुढे सरकून बसली. बगळ्याने मशीनचा आवाज वाढवला.

"मोठ्याने बोल रे," आई म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

हे वाक्य तिने त्याच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

जावयाने मान वर केली, तोंड उघडलं आणि खोलीभर बघितलं. त्याला ओरडून सांगावं लागणार होतं. भिंगमावशीला वाटलं, बरं झालं. सांगू दे सगळ्यांसमोर. त्या दिवशी ताईंकडेही सगळे असेच बघत होते म्हणे.

तेवढ्यात ताई काउंटरमागून बाहेर आल्या. त्यांनी त्याच्या आईचा हात धरला, दुसऱ्या हाताने जावयाच्या पाठीला जरा रेटा दिला आणि दोघांना तपासणीच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. जाड दार ओढून घेतलं आणि खिट्टी लावली. त्या दारातून आतलं काही बाहेर येत नसे. येत असे ते फक्त मागच्या खोलीत, हेडफोनमध्ये.

ताईंनी मागच्या खोलीकडे पाहिलं. बोक्याने हेडफोन कानावरून काढले आणि टेबलावर पालथे ठेवले.